२४ व्होल्टचं पोकलेन आणि २१ वॅटचा बल्ब

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी साडेसहालाच आण्णांचा फोन आला. आण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त, आधी ट्रॅक्टर मग जेसीबी करत करत आता त्यांनी २० टनी पोकलेन घेतलंय, सेकंड हँड, बारा वर्षं जुनं, मीटरवर चौदा हजार तास. (आपल्याकडं कुठल्या का कंपनीचं असेना, साखळीवर चालणारं खोदायचं मशीन म्हणजे पोकलेनच, मूळ ते फ्रान्सच्या एका कंपनीचं नाव, पण आता ते आपलंच झालंय.) म्हणाले, "बाबा, गाडी परत गप झाली. दोन महिन्यांमागं बॅटऱ्यांचा दुसरा जोड टाकलाय. आता एकजण म्हणतोय कंट्रोलर गेलाय, दीड लाख सांगतोय. तू एकदा येऊन बघ, मग काय ते करू."

मी कराडच्या बाहेर हायवेला वायरिंगचं काम करतो, ट्रक, टिपर, जेसीबी, पोकलेन सगळं. आणि एवढ्या वर्षात माझं एक मत पक्कं झालंय, ते आज नीट लिहून काढतोय कारण दर महिन्याला कोणीतरी याच कारणाने पैसे घालवून माझ्याकडं येतं. जुन्या मशीनचा करंटचा फॉल्ट शोधताना मीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचा) लावला, २४ व्होल्ट दिसले, "सप्लाय आहे" म्हणून पुढं गेला, की तिथंच चुकतं. लोड नसताना, म्हणजे त्या वायरीवर काही चालत नसताना, दिसलेल्या २४ व्होल्टवर विश्वास ठेवायचा नाही. कसं ते आण्णांच्या गाडीवरूनच सांगतो.

काम माण तालुक्यात चालू होतं, शेततळ्याचं, दहिवडीच्या पुढं. पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन असं की बॉनेटला हात लागत नव्हता. ऑपरेटर मराठवाड्यातला पोरगा, हुशार आहे, त्याने लक्षणं अगदी नीट सांगितली. "भाऊ, सकाळी थंड असताना लागती गाडी. दुपारी जेवायला बंद केली की मग सेल्फ नुसता टक करतो नाहीतर कण्हतो. आणि दुसरं म्हणजे काम करता करता मॉनिटर एकदम काळा होतो, इंजिन बंद, आणि मिनिटभराने आपोआप सगळं परत येतं."

हे ऐकलं तेव्हाच मला वाटलं की हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक एकच औषध देतायत. सेल्फची, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरची, लाइन वेगळी, ती जाड केबलची, शेकडो अँपिअरची. मॉनिटर आणि कंट्रोलरची (कंट्रोलर म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर) लाइन वेगळी, बारीक वायरची, चारदोन अँपिअरची. बॅटरी बदलून दुसरा आजार जाणारच नव्हता, आणि कंट्रोलर बदलून पहिला.

बॅटरीपासूनच सुरू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोकलेनला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सिरीजमध्ये, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला, म्हणून २४. दोन्ही मिळून मोजलं तर २४.९ आलं. वाईट नाही कोणी म्हणणार. पण वेगवेगळं मोजलं तर वरची १२.८ आणि खालची, म्हणजे जिचा मायनस बॉडीला जातो ती, १२.१. पूर्ण भरलेली बॅटरी तासनतास आराम केल्यावर १२.६, १२.७ दाखवते, १२.१ म्हणजे अर्धीच्याही खाली. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, दोन महिन्यांच्या बॅटऱ्यांत एवढा फरक का पडावा? वरचीची झाकणं उघडली तर पाणी प्लेटच्या खाली गेलेलं आणि कुजक्या अंड्यासारखा वास. म्हणजे वरची उकळतीय आणि खालची उपाशी आहे. (झाकणं उघडताना बिडी लांब ठेवा आणि हातातलं कडं, अंगठी काढा, हे मी प्रत्येकाला सांगतो, बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि प्लस टर्मिनल आणि बॉडीमध्ये कडं अडकलं तर ते क्षणात लाल होतं.)

इंजिन कसंबसं लावून चार्जिंग बघितलं. एकूण २८.२, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) एकदम ठणठणीत. पण वरच्या बॅटरीवर १५.१ आणि खालचीवर १३.१. मग मी खालचीच्या प्लसवर बघितलं, आणि तिथं लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली एक बारीक लाल वायर दाबून बसवलेली होती. ती धरत धरत गेलो तर केबिनमध्ये, सीटच्या मागून वर, म्युझिक सिस्टीमला, छोट्या पंख्याला आणि मोबाईलच्या दोन चार्जरला.

हा प्रकार मी इतक्या मशीनमध्ये बघितलाय की आता बॅटरीचा डबा उघडला की पहिली नजर तिकडंच जाते. टेप १२ चा, गाडी २४ ची, मग कोणीतरी एका बॅटरीवरून १२ काढतो. दिवसभर ते सामान फक्त खालच्या बॅटरीचं रक्त पितं, आणि अल्टरनेटरला दोघींची मिळून बेरीजच दिसते, तो २८ पुरे करतो आणि ती वाटणी उलटी होते, भरलेलीला जास्त आणि रिकामीला कमी. दोन महिन्यात जोड खलास. आण्णांचे दोन जोड असेच गेले. ऑपरेटरचा काही दोष नाही यात, ती वायर आधीच्या मालकाच्या काळातली होती, दहा तास त्या केबिनमध्ये बसणाऱ्याला पंखा आणि गाणी लागणारच. उपाय साधा आहे, २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवायचा, हजारभर रुपयात चांगला मिळतो, दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा लोड येतो.

पण एवढ्याने दुपारचं कण्हणं सुटत नव्हतं, कारण दुसरा जोड अगदी नवा असतानाही पहिल्या आठवड्यातच गाडी दुपारी कण्हली होती असं आण्णा म्हणत होते. म्हणून जेवणाची वेळ होऊ दिली. मशीन तापलेलं, बंद केलं, वीस मिनिटं थांबलो, मग ऑपरेटरला सेल्फ मारायला सांगितला आणि मी मीटर घेऊन खाली. बॅटऱ्यांच्या टोकाटोकाला सेल्फ मारताना २१.५. सेल्फच्या मोठ्या स्टडवर आणि सेल्फच्या बॉडीवर मीटर लावला, १७.८. म्हणजे बॅटरीतून निघालेले ३.७ व्होल्ट वाटेत कुठंतरी सांडतायत. आता ते कुठं हे शोधायला वायर सोडायची गरज नाही, केबल कापायची तर अजिबातच नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, खुद्द शिशाच्या टोकावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर घासून, आणि सेल्फ मारायचा. नीट गाडीत इथं ०.२, ०.३ च्या वर येऊ नये. इथं आले २.६.

२.६ व्होल्ट म्हणजे काय हे आण्णांना सांगताना मी हिशोब करून दाखवला. सेल्फ ३०० अँपिअर ओढतो धरला तरी ३०० गुणिले २.६, ७८० वॅट. पाणी तापवायच्या छोट्या कॉइलएवढी उष्णता एका नटाच्या खाली. हात लावून बघा म्हणलं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन ते चासी अशी वेगळी अर्थिंगची पट्टी असते, ती चासीला जिथं बोल्टने आवळली होती तिथं हात टेकवला तर चटका बसला.

बोल्ट काढला. आणि लगच्या खाली बघतो तर पिवळा रंग, एकदम चकचकीत, नवा. विकायच्या आधी मशीन रंगवलं होतं. रंगवणाऱ्याने पट्टी सोडली असणार, खाली वर सगळीकडं स्प्रे मारला असणार, आणि वाळल्यावर परत आवळून टाकली. करंट फक्त बोल्टच्या आट्यातून जात होता. सकाळी थंड असताना तेवढ्यावर भागायचं, दुपारी सगळं तापलं, रेझिस्टन्स वाढला की टक. सेकंड हँड पोकलेन घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, नवा रंग दिसला की अर्थिंगचे सगळे बोल्ट एकदा उघडायचेच. रंग बघून आपण खूश होतो, आणि तो नको तिथं बसलेला असतो.

कानस आणि पॉलिश पेपरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासलं, लगही दोन्ही बाजूंनी, दातेरी वॉशर टाकून आवळलं, आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळणारे लोक आहेत, तसं करू नका, धातूला धातू लागला पाहिजे, ग्रीस फक्त बाहेरचं पाणी अडवायला. प्लसच्या बाजूचे १.१ व्होल्ट उरले होते, तेही टप्प्याटप्प्याने मोजले, बॅटरी ते मेन स्विच, मेन स्विचच्या आत, मेन स्विच ते बॅटरी रिले (चावीवर चालणारा मोठा स्विच), रिले ते सेल्फ. मेन स्विच एकटा ०.६ खात होता, आतले पॉइंट जळलेले. तो बदलला. मेन स्विच लोक चालू इंजिनवर बंद करतात ना, त्याने पॉइंट तर जळतातच, पण अल्टरनेटरचा बॅटरीचा आधार एकदम सुटून व्होल्टेजची अशी उसळी येते की त्याच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे) आणि कंट्रोलर दोन्ही धोक्यात. इंजिन बंद करून, चावी काढून, दोन मिनिटं थांबून मग मेन स्विच. इलेक्ट्रॉनिक इंजिनच्या गाड्यांत चावी काढल्यावरही कंट्रोलर थोडा वेळ जागा असतो, त्याला त्याचं आवरू द्यायचं.

आता उरला काळा होणारा मॉनिटर, आणि तो ज्याच्यासाठी दीड लाख मागितले होते तो कंट्रोलर.

इथं आधी येऊन गेलेल्या माणसाने काय केलं असेल ते मला दिसत होतं. त्याने कंट्रोलरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) काढला, सप्लायच्या पिनेवर मीटर लावला, २४ आले, अर्थही आली, म्हणजे सप्लाय ठीक, म्हणजे कंट्रोलर गेला. मीही कपलर काढून मीटर लावला, २४.६ आले. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वीस तारांच्या वायरीतली एकोणीस तारं तुटली आणि एक उरली, तीही हिरवी पडलेली, तरी मीटर २४ च दाखवणार, कारण त्याला तेवढी एक तार पुरते. कंट्रोलरला पुरत नाही.

म्हणून माझ्या पेटीत ट्रकच्या इंडिकेटरचा बल्ब असतो, २४ व्होल्ट २१ वॅट, होल्डरला दोन वायरी आणि टोकाला बारीक पिना. असला एक बल्ब पाऊण अँपिअरच्या वर करंट ओढतो, दोन लावले तर पावणेदोन. कंट्रोलरच्या कपलरच्या सप्लाय आणि अर्थ या दोन पिनांमध्ये हा बल्ब लावायचा (कपलरची पिन फाकणार नाही इतकी बारीक पिन घ्या, जाड खुपसली की नवा फॉल्ट आपणच तयार करतो) आणि बल्ब पेटलेला असताना त्याच दोन टोकांवर मीटर धरायचा. आण्णांच्या गाडीत बल्ब पिवळसर पेटला आणि मीटर २४.६ वरून १९ वर आला. कंट्रोलर काढलेला असताना! म्हणजे त्याचा काही संबंधच नाही, त्याच्यापर्यंत नीट जेवणच पोचत नाहीये.

आण्णा तेव्हा जवळ उभे होते, त्यांना बल्ब मंद दिसला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, पण चेहरा मोकळा झाला. मीटरचे आकडे मालकाला कळतील न कळतील, पिवळा पडलेला बल्ब सगळ्यांना कळतो.

मग फ्युज बॉक्स. कंट्रोलरचा फ्युज वीसच्या जागी तीसचा घातलेला, पण धारक क्लिप घट्ट होती, तिथं व्होल्ट पडत नव्हते. फ्युज योग्य घातला आणि पुढं सरकलो. ऑपरेटरला केबिनमध्ये बल्बकडं बघायला बसवलं आणि मी बाहेरून वायरिंगचा गुच्छा वीतवीतभर हलवत गेलो. सीटच्या मागच्या पॅनलपाशी हात गेला आणि आतून ओरडला, "भाऊ गेला! आला! गेला!" पॅनल काढलं. काळ्या टेपचं एक गाठोडं. टेप उलगडली तर गोंद वितळून चिकट झालेला, आत इग्निशनची मेन वायर सोलून त्याला आणखी दोन वायरी पिळून लावलेल्या, सोल्डर नाही, काही नाही, आणि त्या दोन्ही वायरींची टोकं पुढं कापलेली. सगळं तांबं हिरवंगार.

तो जीपीएसचा जॉइंट होता. भाड्याने किंवा लोनवर असताना मशीनला जीपीएस लावतात, लोन फिटलं, मशीन विकलं, डबी काढून नेली, पिळलेला जॉइंट तसाच राहिला. दर कंपनाला तो थोडा ढिला होतो, दर पावसाळ्यात थोडा गंजतो, आणि चार वर्षांनी तिसऱ्याच मालकाला सांगितलं जातं की कंट्रोलर गेला. मला याचा खरंच राग येतो. ज्याने डबी काढली त्याला दहा मिनिटं जास्त लागली असती.

खराब तुकडा कापून टाकला, नवी तेवढ्याच जाडीची वायर घेतली, क्रिंप करून (पकडीने दाबून जोडून) वर गोंदवाली हीट श्रिंक नळी, तापवली की आवळून बसणारी, आणि गुच्छा परत जाळीत घालून क्लिपला बांधला. बल्ब लावला, पांढराशुभ्र, मीटरवर २४.३.

थोडं अवांतर पण याच विषयातलं. सप्लाय फक्त २४ चा नसतो. कंट्रोलर स्वतः आतून ५ व्होल्ट तयार करून सेन्सरना देतो, प्रेशरचे, थ्रॉटलच्या डायलचा वगैरे, आणि बऱ्याच मशीनमध्ये ही ५ ची लाइन तिघाचौघांत वाटलेली असते. एका सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी गेलं किंवा वायर घासून बॉडीला लागली की ती लाइन खाली बसते आणि मॉनिटरवर बिघाडाचे चार चार कोड एकदम येतात. पाटणकडच्या एका गाडीला एकावेळी चार कोड होते, मालक चार सेन्सरचे भाव विचारत फिरत होता. ५ व्होल्टच्या जागी १.३ होते. एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो, तिसरा काढला आणि ५ परत आले. एक सेन्सर बदलला, चारही कोड गेले. असे कोड घोळक्याने आले की आधी त्यांचा सामाईक सप्लाय आणि सामाईक अर्थ बघायचा.

आणि दोन चार गोष्टी, सेकंड हँड मशीन बघायला जाताना ज्या मी करतो. बूमच्या, म्हणजे पुढच्या मोठ्या हाताच्या, लाइटची वायर बूमच्या मुळाशी दबून सोललेली असते, लाइट लावून बूम वर खाली करून बघायचं, फ्युज उडतो का. चार्जिंग मधल्या रेसवर २७.५ ते २८.५, सगळे लाइट आणि एसी लावून परत बघायचं, २६ च्या खाली आलं तर अल्टरनेटरचा बेल्ट नाहीतर आतले कार्बन ब्रश, ३० च्या वर गेलं तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा) गेला. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असेल तर मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट होणारा करंट, गारव्याचा एसी नव्हे) टाकून बॅटरीवर धरला की कळतं, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसायला नको. बकेटला दात वेल्ड केलेले ताजे दिसले तर विचारायचं, वेल्डिंग करताना बॅटरी सोडली होती का आणि अर्थचा चिमटा कुठं लावला होता. चिमटा साखळीला आणि वेल्डिंग बकेटला, तर तो सगळा करंट स्विंग बेअरिंगमधून (ज्यावर केबिन गोल फिरते), पिनांमधून जातो. चिमटा बकेटलाच, वेल्डिंगच्या जवळ.

गाडी चारपाच दिवस उभी राहिली की बॅटरी बसते अशी तक्रार असेल तर चावी बंद करून मायनसच्या वाटेत मीटर अँपिअरवर लावायचा (चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल). अर्धा अँपिअर जरी गळत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात, १०० ची बॅटरी चौथ्या दिवशी अर्धी. मग एकेक फ्युज काढत जायचं, कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघत. पावसाळ्यात उभ्या असलेल्या मशीनमध्ये हमखास उंदराने कुरतडलेली वायर निघते, सीटखाली नाहीतर बॅटरीच्या डब्यामागं.

आण्णांच्या गाडीकडं परत. दोन्ही बॅटऱ्या सोडून आणल्या, वेगवेगळ्या चार्ज केल्या. खालची दुसऱ्या दिवशी परत ११.९ वर, ती गेलीच होती, आणि वरचीच्या प्लेटा कोरड्या पडलेल्या. एकच बदलू का असं आण्णांनी विचारलं, साहजिक आहे, तिसऱ्यांदा पैसे जात होते. पण नवी आणि थकलेली सिरीजमध्ये लावली की तेच वाटणीचं भांडण परत सुरू, म्हणून जोडच घेतला. ते पैसे मला वाचवता आले नाहीत याचं वाईट वाटलं. दीड लाख मात्र वाचले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला, परत तशीच तापलेली गाडी, सेल्फ मारला. बॅटरीवर २२.१, सेल्फवर २१.४. एका दमात लागली. कन्व्हर्टर बसवला, पंखा आणि टेप त्याच्यावर घेतले, ऑपरेटरने लगेच गाणी लावून बघितली. बॅटरीच्या डब्याच्या झाकणाला आतून मी मार्करने तारीख आणि ते दोन आकडे लिहून ठेवले, आणि त्याच्याखाली "१२ इथून काढू नये". दिवाळीत ग्रीसिंगच्या वेळी गेलो होतो तेव्हा त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती, ऑपरेटरनेच लिहिलेली, त्याने आण्णांकडून मीटर घेऊन स्वतः मोजलं होतं: २२.०, २१.३.